दुसरा रिमोट कुणाच्या हातात होता?

असले किस्से वाचून हसणाऱ्यांतली मी. पंधरा वर्षं परीक्षेच्या भरारी पथकात काढली आहेत — मोज्यातनं, कंपासपेटीच्या तळातनं चिठ्ठ्या बाहेर काढल्यात. समोरचा काहीतरी लपवतोय असं धरूनच मी चालते. त्यामुळे आधी माझाच माझ्यावर संशय घेऊन झालाय, मग हे लिहितेय.

आम्ही सांगलीत राहतो. माहेर कोरेगावचं. तिथे धाकटा भाऊ बंडू आणि त्याची बायको वैशाली. दिवाळीला गेले तेव्हा माळ्यावर आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला... पिवळट पडलेला डबा, दोन रिमोट आणि एकच कॅसेट. मी तो उचलून आणला. बंडू हसला, "न्हे आक्का, पर चालणार न्हाई त्यो."

चालला की! कॅसेट काढायची, फुंकर मारायची, परत दाबून बसवायची. हात काही विसरले नव्हते.

तो दोन शिपायांचा गोळीबाराचा गेम. प्रत्येकाला तीन लाईफ. आपल्या संपल्या की बटण दाबून जोडीदाराची एक घेता यायची. मी बंडूच्या बिनदिक्कत ढापायचे. तो मात्र दर वेळी विचारायचा, "आक्का, घेऊ का?" आणि मी नाही म्हणायचे.

जानेवारीतला रविवार, दुपारचे साडेतीन. हे मिरजेला लग्नाला गेलेले, घरी मी एकटीच. सवयीने दोघांचा गेम लावला. दुसरा शिपाई बिचारा जागेवर उभ्या उभ्या तिन्ही वेळा मेला. मी एकटी पुढे निघाले. बरं चाललं होतं, एक जास्तीची लाईफही मिळाली.

आणि अचानक वरून दुसरा शिपाई पडला. माझ्या शिलकीतली एक लाईफ कमी!

दुसरा रिमोट सोफ्यावर उताणा होता. बटण अडकलं असणार, दुसरं काय? मी तो उलटासुलटा तपासला, बटणं दाबून पाहिली, हलवून पाहिला. मग सरळ त्याची पिनच उपसून काढली. तेवढ्यात तो शिपाई मेला.

पिन माझ्या हातात होती... आणि माझी आणखी एक लाईफ गेली. शिलकीत आता एकच. या वेळी तो शिपाई जागेवर उभा राहिला नाही. चालत आला आणि माझ्या शिपायाला खेटून थांबला. पडद्यामागे, दाराबाहेर, सगळीकडे बघून आले. कुणी चेष्टा करतंय असंच वाटत होतं. शेवटी टीव्हीचं बटण बंद केलं.

पाचच मिनिटांत वैशालीचा फोन. साताऱ्यातल्या दवाखान्यातून.

"वन्सं, ह्यांच्या छातीत कळ आली वो... दोनदा बंद पडलं हुतं काळीज. डॉक्टर म्हणत्यात, आत्ता कुठं लागलंय चालू..."

साताऱ्याला कशी पोचले, आठवत नाही. एकच भाऊ माझा.

तिसऱ्या दिवशी त्याच्याजवळ सोडलं. डोळे मिटलेलेच होते. मी हात धरला तर पुटपुटला, "आक्का, इचारायला येळ न्हवता. दोन घेतल्या. राग धरू नगंस."

वैशाली म्हणाली, गुंगीत कायबी बोलत्यात. असेल. पण गेमचं मी कुणालाही बोलले नव्हते, ह्यांनासुद्धा नाही. वैशालीला चार वेळा आडून आडून विचारून खात्री केली. सांगलीत दुरुस्तीवाल्याला डबा दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, जुन्या सर्किटचं काय सांगावं, करतंय कधीकधी असं." हेही मी मानायला तयार आहे. पण बंडू जे बोलला, त्याचं काय?

आता तो ठणठणीत आहे. आपण असं काही बोललो हेच त्याला आठवत नाही म्हणे. माझा विश्वास नाही. कारण सहा-सहा महिने फोन न करणारा हा माणूस आता रोज सकाळी फोन करतो.

"आक्का, बरी हायस न्हवं? रस्ता वलांडताना बघून जा. जप स्वतःला."

का, असं मी त्याला अजून विचारलेलं नाही.