तीन विचारवंत आणि एक पाइपलाइन

सुकदेव सर धुळ्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवतात आणि मी तिथेच भूगोल. त्यामुळे मार्क्स, दुर्खीम आणि वेबर यांच्याशी माझी ओळख सरांच्या जेवणाच्या डब्यावरच झाली. समाजशास्त्राचा पाया घालणारी ही मोठी माणसं, पण सरांच्या तोंडी ती गावच्या पंचांसारखी असतात. पार्किंगमध्ये दोन गाड्या घासल्या तरी सर तिघांचं मत घेतात. तोवर आमचा चहा गार होतो.

खुद्द सरांचं भांडण मात्र तीन वर्षं सुटलेलं नव्हतं. त्यांचे थोरले भाऊ, भटूभाऊ, सोनगीरला शेती करतात. वाटणीनंतर त्यांनी न विचारता सरांच्या तुकड्यातून पाइपलाइन नेली. सर चार शब्द बोलले, भटूभाऊ आठ बोलले आणि येणंजाणं बंद झालं. वडील गेल्यावर ज्यांनी सरांना शिकवलं तेच हे भटूभाऊ. त्यांच्यावाचून सरांना चैन पडत नसे, पण तसं कबूल करतील तर ते सर कसले!

श्रावणात कानबाई या खान्देशच्या देवीचे दिवस आले, घरोघरी भाऊबंद जमू लागले की हे दुखणं वर यायचं. यंदाही डबा उघडताच सर सुरू झाले. "मार्क्स म्हणेल, भांडणाचं मूळ पाण्यात आहे. साधन ज्याच्या ताब्यात, जोर त्याचा. दुर्खीम म्हणेल, पाण्याचं सोडा, तुम्ही एका पंगतीला बसणं बंद केलंत तिथेच तुटलात. माणसं एकत्र येऊन पूजा करतात, तेव्हाच त्यांचं 'आपण' तयार होतं."

"आणि वेबर?"

"तो म्हणेल, नुसते बाहेरून अंदाज बांधू नका. माणूस जे करतो त्याचा त्याच्या लेखी अर्थ काय, ते समजून घ्या."

माझं डोकंच फिरलं. तीन वर्षं हा माणूस परदेशातल्या तिघांना विचारतोय आणि ज्याने पाइप टाकला त्याला विचारायला तयार नाही! "वेबरचं ऐका," मी म्हणालो. "रविवारी गाडी मी काढतो. सोनगीरला चला."

हायवेभर सर मागे बसून मार्क्स आणि दुर्खीमची झुंज लावत होते. सोनगीरचा किल्ला दिसला तसे "गाडी जरा हळू घ्या" म्हणू लागले. भटूभाऊंच्या ओट्यावर तर मला वाटलं, आता हे पळ काढणार. आत कानबाई मांडलेली होती आणि पंगत बसायच्या बेतात होती.

सर उभ्याउभ्याच घरच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुना मनमा काय शे, ते इचाराले उनू." तुझ्या मनात काय आहे ते विचारायला आलो, म्हणजे वेबरच.

भटूभाऊंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे प्रसादाच्या पोळीसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू मोजून घेतात आणि तो रोट भाऊबंदांखेरीज कुणाला देत नाहीत.

"तुना नावना गहू मी दर साल मोजस," भटूभाऊ म्हणाले. "तू येस नही, मंग तो रोट बी मीच खाई लेस. आते बठ, अन तुना तूच खा."

सर बसले. पहिला घास तोंडात धरून ते रडू लागले. भटूभाऊ एका हाताने त्यांची पाठ थोपटत दुसऱ्या हाताने भाजी वाढत राहिले.

मला पोटभर खीर मिळाली, पण रोट मिळाला नाही. मी त्यांचा भाऊबंद नाही, याचं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.