कुडकुडबंदी

त्या वर्षी लातुरात गारठा दिवाळीत आला आणि संक्रांत जवळ आली तरी हलायचं नाव घेईना. धोंडे खायला आलेल्या जावयानं महिनाभर ठाण मांडावं, तसा. पहाटे पाचला गल्लीत असं धुकं असायचं की समोरच्या घराचा बल्ब ताकात तरंगणाऱ्या लोण्यासारखा दिसायचा. अशा वेळी पंचशीला डोक्याला नवऱ्याचा मफलर गुंडाळून अंगणात उकिडवी बसायची, गुडघ्यावर तुराट्या कडाकडा मोडायची आणि बंबाच्या नळकांड्यात कोंबायची. बंब तांब्याचा, एका कुशीला चेपलेला. किल्लारीकडच्या तिच्या गावात भूकंपात घर बसलं, तेव्हा दगडमातीतून जे निघालं त्यात कामाचा म्हणावा असा हा बंबच. बाकी जे निघालं, त्याबद्दल ती बोलत नसे.

भूकंपाला आता नऊ वर्षं झाली होती. तिचा नवरा आनंदराज लातुरात पाटबंधारे खात्यात कारकून होता. दोघांनी घरामागं पत्र्याच्या तीन खोल्या काढल्या होत्या आणि त्यांत सहा मुली भाड्यानं राहत होत्या. तेव्हा लातुरात हवाच तशी होती. ज्याच्या घरी चटईभर जागा मोकळी, त्याच्याकडं बारावीचं एक लेकरू. या सहाही बारावीच्या, सहाही डॉक्टर होणार होत्या, आणि साडेसहाच्या क्लासला जायच्या आधी सहाजणींना अंघोळीला गरम पाणी लागायचं. बंबाचा नियम साधा: वरून एक बादली गार ओता, तोटीतून एक बादली गरम घ्या.

डिसेंबरात पोरी गळाल्या. मुग्धा नावाची चाकूरची एक तोंडाळ मुलगी होती, ती रोज उठून म्हणायची, "मावशी, माझ्या हाडांची कुल्फी झालीय." दुसरी हात काखेत घालून पुस्तकाची पानं नाकानं उलटायची. तिसरीनं अंघोळीला सुट्टीच देऊन टाकली. जेवताना थंडी, झोपताना थंडी. ऐकून ऐकून पंचशीलाचे कान किटले. एका सकाळी तिनं बंबावर पळी बडवली.

"ऐका गं भवान्यांनो! आजपासून माझ्या अंगणात कुडकुडबंदी. दात वाजले, हात काखेत गेले, हूऽहूऽ केलं, न्हाताना आई गं म्हणून कोकललं, तर ती सापडली. तिनं दुसऱ्या दिवशी पाचला उठून सगळ्यांचा बंब पेटवायचा."

"आणि तुम्ही सापडलात तर?" मुग्धानं विचारलं.

"मी न्हाई सापडत माय. नऊ वर्षं झाली."

हे खोटं नव्हतं. कायदाही तिचा नव्हता, शेषेरावाचा होता.

भूकंपानंतरचा पहिला हिवाळा तिनं पत्र्याच्या शेडात काढला. रात्रभर पत्र्याला आतून दव धरायचं. पंचशीला तेव्हा चोवीस वर्षांची. धाकटी बहीण ढिगाऱ्याखाली गेली, आणि ही वीस दिवस पत्र्याकडं तोंड करून पडून राहिली. कुणी हाक मारली तर ओ नाही, ताट ठेवलं तर तसंच. शेजारच्या शेडात शेषेराव नावाचा म्हातारा होता. त्याच्याही घरात तो एकटाच उरलेला. त्यानं रांगेतल्या दहा शेडांना कायदा लावला होता: जो कुडकुडताना सापडंल, त्यानं टँकरवरून दहाही शेडांचं पाणी भरायचं. सगळी रांग एकमेकांवर पाळत ठेवून असायची. एका सकाळी शेषेरावानं हिच्या पत्र्यावर बाहेरून काठी हाणली. वरचं सगळं दव भस्सकन हिच्या अंगावर. ही किंचाळत उठली, तर म्हातारा दारात उभा. "सापडली! उचल घागर." तिनं त्याच्या सात पिढ्या काढल्या, आणि शिव्या देत देत पाणी भरलं. दहाव्या शेडापाशी पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं की आपल्याला भूक लागली आहे.

त्यानंतर ती कधी सापडली नाही. उलट म्हाताऱ्यालाच तिनं तीनदा पकडलं.

लातुरातही कायदा झकास चालला. पोरींना अभ्यासापेक्षा पाळत ठेवणं गोड लागायला लागलं. कुणी कुणाच्या मानेवर ओला टॉवेल ठेवायचं, कुणी झोपेतल्या पायावरची गोधडी हळूच ओढायचं. एकजण दात वाजू नयेत म्हणून दातात पेन्सिल धरून क्लासला जायची. आनंदराज स्कूटर पुसताना हातावर हात चोळताना सापडला, तर त्यालाही सोडला नाही. सरकारी माणूस कानटोपी घालून बंब फुंकतोय, हे बघायला अर्धी गल्ली कुंपणाशी जमली. तो चिडून म्हणाला, "सकाळी सातपर्यंत झोपायला मिळावं म्हणून हिनं कायदा काढला, दुसरं काही न्हाई." यात तथ्य होतं. महिनाभर पंचशीलानं बंबाला हात लावला नव्हता.

एकटी मनस्विनी खेळत नव्हती.

ती उदगीरची, बापूसाहेब नावाच्या मुख्याध्यापकांची मुलगी. दिवाळीनंतरच्या टेस्टमध्ये मार्क घसरले, मग पुढच्या टेस्टला ती गेलीच नाही. तिसऱ्या खोलीत गोधडीत गुरफटून भिंतीकडं तोंड करून पडायची. बाहेरच येत नव्हती, म्हणून कुडकुडत नव्हती, म्हणून सापडत नव्हती. एकदाच ती गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथवर गेली आणि बापाला फोनवर म्हणाली, "मला न्या." बापूसाहेबांनी सांगितलं, रविवारी जीप घेऊन येतो.

शनिवारी पहाटे पंचशीलानं शेषेरावाची युक्ती काढली. झाडूचा दांडा घेतला आणि तिसऱ्या खोलीच्या पत्र्यावर हाणला. आतून दव गळल्याचा टपटप आवाज आला. ती दाराशी जाऊन उभी राहिली. आत मनस्विनीनं नुसती गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

पंचशीला झाडू घेऊन परत आली, ती चुलीपाशी बसूनच राहिली.

"जाऊ दे," आनंदराज म्हणाला. "दुसरी पोरगी येईल खोलीला."

"खोलीचं कोण बोलायलंय? मार्काचंबी न्हाई बोलत मी. हितून गोधडीतच गेली तर तिकडंबी गोधडीतच राहील ती. मला म्हाईत हाय ते."

रविवारी धुक्यातून जीप आली. क्लासला सुट्टी, त्यामुळं सगळं उशिरा. आदल्या दिवशी सापडलेली मुग्धा नुकती तुराट्या घेऊन बसत होती. जीपमधून बापूसाहेब उतरले. माकडटोपी, कोटावर स्वेटर, स्वेटरवर शाल. दोन्ही हात काखेत.

"हूऽहूऽहूऽ! काय हो ही थंडी! उदगीरपासून नुसता कुडकुडत आलोय."

मुग्धानं हातातल्या तुराट्या हळूच खाली ठेवल्या.

"मावशी, सापडले."

"कोण सापडलं?" बापूसाहेबांनी मागं वळून बघितलं.

"जयभीम सर," पंचशीला म्हणाली. "या. चहा टाकते, पण आधी तेवढा बंब पेटवा."

"मी?"

"कायदा हाय हितला. कुडकुडंल त्यानं पेटवायचा. गावकऱ्याला दुसऱ्या दिवशी लागतो, पाव्हण्याला आजच."

"अहो पंचशीलाबाई, मी मुख्याध्यापक आहे."

"आमचे हे पाटबंधाऱ्यात हायेत, त्यांनी पेटवला. त्यांची काय इज्जत गेली का?"

"थोडी गेली," आनंदराज घरातून म्हणाला.

पाच मुली हात मागं बांधून रांगेनं उभ्या राहिल्या. आयुष्यभर पोरांना रांगेत उभं केलेल्या माणसाला आता आपणच रांगेसमोर आल्यावर काही सुचेना. बापूसाहेब खाली बसले. तुराट्या त्यांनी खडूचे तुकडे करावेत तशा इंचाइंचाच्या मोडल्या. काडी लावली, धूर निघाला, जाळ काही होईना. मग ते उठून उभे राहिले, नळकांड्याच्या वरच्या तोंडाशी वाकले आणि छाती भरून फुंकर मारली. कालची सगळी राख उसळून त्यांच्या तोंडावर आली. माकडटोपीच्या गोलात पांढरं तोंड आणि दोन डोळे तेवढे उरले.

हसू दाबायचं कसं, या विचारानं मुली गुदमरल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाबा, वरून नाही. खालच्या जाळीतून फुंका."

तिसऱ्या खोलीच्या दारात मनस्विनी उभी होती. गोधडी डोक्यावरून घेतलेली, पण उभी होती. चार दिवसांत तिच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. तिनं बापाला बाजूला सारलं, गोधडी तारेवर टाकली, तुराट्या उभ्या रचल्या आणि जाळीपाशी फुंकर घातली. जाळ भक्कन धरला. तिच्या हातावर काटा आलेला मुग्धाला दिसला आणि तिनं तोंड उघडलं, पण पंचशीलानं असे डोळे वटारले की ते तसंच मिटलं.

"आज माझे बाबा सापडले," मनस्विनी जाळाकडं बघत म्हणाली. "आनंदराजकाका सापडले. सगळ्या सापडल्या. मावशी कशा काय नाही सापडत?"

"नऊ वर्षं झाली, पोरी," पंचशीला म्हणाली. "जन्मात न्हाई सापडायची."

एकेकीच्या अंघोळी झाल्या. ड्रायव्हरनं तिची ट्रंक जीपवर चढवली. बापूसाहेब तोंड धुऊन चहा पीत बसले. शेवटी पंचशीला टॉवेल घेऊन निघाली, तर मनस्विनी बादली घेऊन पुढं.

"मी नेऊन ठेवते मावशी. जाताना तेवढं तरी करते."

बादली न्हाणीत ठेवली गेली. पंचशीला आत गेली. कडी लागली. बाहेर मनस्विनी दारापाशीच उभी राहिली, ओठ आवळून. आत पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ अख्ख्या गल्लीला जाग येईल अशी आरोळी.

"अगं आई आई आई गं! मेले गं माय!"

"सापडल्याऽऽ!" मनस्विनी दोन्ही हात वर करून नाचायला लागली. "नऊ वर्षांनी सापडल्या! टाकीतलं पाणी होतं ते!"

पाचही जणींनी तिला उचलायचंच बाकी ठेवलं. आतून पंचशीला ओरडत होती, "थांब तुझ्या, बाहेर येऊ दे मला! तुझी टंगडीच मोडते, कारटे!" आणि तिचे दात वाजल्याचं बाहेर ऐकू येत होतं.

गलका ओसरल्यावर बापूसाहेब उठले. "चल बाळा. ट्रंक चढवलीय."

मनस्विनीनं जीपकडं बघितलं, मग न्हाणीच्या दाराकडं.

"बाबा, उद्या मावशींना बंब पेटवायचाय. शिक्षेचा. मी तेवढं बघते."

"मग परवा येऊ का न्यायला?"

"परवा कशाला? उद्यापासून त्या माझ्या मागं लागणार. मी गेले तर त्यांना वाटेल, भिऊन पळाली."

बापूसाहेब जीपपाशी गेले. स्वतःच ट्रंकेची कडी धरून ओढायला लागले. ड्रायव्हर वैतागला. "सर, चढवायची का उतरवायची, एकदाच काय ते सांगा!"

जीप गेल्यावर आनंदराज बायकोपाशी आला. तिनं केसांना टॉवेल गुंडाळला होता आणि नाक लाल झालं होतं.

"काय गं, एवढ्या गारठ्यात कढत पाण्याच्या बादलीतून वाफ निघत असती. ती न्हवती, ते तुला दिसलं न्हाई?"

"धुकं व्हतं."

"न्हाणीत?"

"तुम्ही लई चौकशा करायलाव. त्या कोपऱ्यातल्या तुराट्या पत्र्याखाली घ्या. वल्या झाल्या तर उद्या सकाळी धूर करत्यात."

सोमवारी पहाटे पाचला धुकं तसंच होतं. अंगणात सहा मुली गोधड्या पांघरून ओळीनं उभ्या होत्या आणि सगळ्यात पुढं मनस्विनी. पंचशीलानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं मफलर कानाखाली घट्ट बांधला, जाळीतली कालची राख झटकून टोपल्यात काढली, उकिडवी बसली आणि पहिली तुराटी गुडघ्यावर मोडली.