परवान्यावरचं नाव

माझं अक्षर चांगलं, याचा मला तेव्हा फार माज होता. साठच्या दशकात रत्नागिरीहून दुबईला गेलो, तिथे आमच्या खोलीतल्या सगळ्यांची घरची पत्रं मीच लिहायचो. पण आमचं शिलाईचं दुकान उभं राहिलं ते भाईच्या हातावर. भाई म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. मशीन त्याची, कापणं त्याचं, गिऱ्हाईक त्याचं. मी काजं करायचो आणि बडबड करायचो.

दुकानाला परवाना काढायचा ठरला. भाई म्हणाला, "अर्ज तू भर. दोघांची नावं घाल म्हणजे झालं." होडीनं खाडी ओलांडून आम्ही कचेरीत गेलो, पण भाई दारातच थबकला. "मी बाहेरच थांबतो रे. चारचौघांत अंगठा उठवायची लाज वाटते."

आत कारकुनानं हिंदीत विचारलं, "मालिक एक ही है? दो हैं तो दोनों को लाओ." भाई दहा पावलांवर भिंतीच्या सावलीत उभा होता. नुसती हाक मारायची! मी म्हटलं, "एक ही है." त्याची लाज राखायला, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आलो. सगळ्या थापा! मालकाच्या रकान्यात मला माझं एकट्याचं नाव बघायचं होतं. बाहेर येऊन म्हटलं, "खलास, भाई! दोघांची नावं घातली." खूश होऊन त्यानं मला चहा पाजला.

महिन्याभरानं परवाना आला, सगळा अरबीत. मी तो बिनधास्त भाईच्या मशीनसमोर टांगला. त्याला सही येत नाही म्हणजे वाचताही येत नाही, एवढंच माझ्या डोक्यात. अरे गाढवा, तो लहानपणापासून रोज पहाटे कुराण वाचायचा! अर्थ कळो न कळो, अरबी अक्षर त्याला लागायचं. माझ्या शेजारी बसून वाचायचा, आणि मी ते वाचनात धरलंच नव्हतं.

भाईनं बोट ठेवत, ओठ हलवत माझं नाव वाचलं, माझ्या वडलांचं वाचलं. मग बोट खाली सरकत शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. मी सुईत दोरा ओवत होतो, तो ओवला जाईना.

"छान लिहिलंय," एवढंच म्हणाला आणि मशीनवर बसला.

पुढे कितीतरी वर्षं तो तिथेच शिवत राहिला. कपडे कधी मिळतील, असं कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचा. "मालकाला विचारा." आवाजात टोमणा नसायचा. असता, तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता माफी तरी मागितली असती. भाई गेला. ती मागायची राहिलीच.