पांढऱ्या वाळूत आबांचे पाय

"पाय आण रं माझा! लवकर! पोळलो की गड्या!"

भर दुपारी आबा वाळूत उभे राहून ओरडत होते आणि त्यांचा पाय माझ्या मांडीवर होता. हसू नका. आबा म्हणजे माझे चुलते, फौजेतले रिटायर हवालदार. डावा पाय गुडघ्याखाली सुरुंगात गेला, तेव्हा माझा जन्मही नव्हता. आता नकली पाय आहे, बुटासकट.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. असेल कसा? आमच्या आष्ट्याकडच्या शिवारातली निम्मी भुतं मीच जन्माला घातलीत. विहिरीवरची हडळ माझी, उसातला मुंडक्याविना पाटील माझा... त्यामुळे हे कुणाला पटणार नाही, ठाऊक आहे. तरी सांगतो.

आबांची एकच इच्छा — उघड्या पायानं समुद्रात उभं राहायचं. पण गर्दीच्या बीचवर पाय काढला की माणसं मोबाईल काढतात. आबा मग गाडीतच बसून राहायचे. म्हणून मी ही जागा हुडकली. आंबा घाट उतरायचा, रत्नागिरीकडं जाताना आत वळायचं. नाव सांगणार नाही, उद्या तिथं भेळेची गाडी लागेल! वाळू एवढी पांढरी की आमच्या कारखान्याची साखर तिच्यापुढं गूळ वाटावी. माणूस औषधाला नाही.

सांध्यात वाळू जाऊ नये म्हणून पाय माझ्याकडं देऊन आबा कुबड्यांवर पाण्याकडं गेले. मी सुरूच्या सावलीत राखणीला. तासाभरानं परत येताना निम्म्या वाटेत ती हाक.

पाय काखेत मारून पळालो... आणि थबकलो.

पाण्याकडं गेलेली खूण समोर होती. दोन्ही बाजूंना कुबड्यांची भोकं. मधे पावलं. उजवं, डावं, उजवं, डावं. उघडी. डाव्याला चारच बोटं — करंगळीची जागा कोरी.

"फुडं ये की! मुहूर्त बघतोस व्हय?" आबा खेकसले.

नकली पायाचे ठसे म्हणावेत, तर तो माझ्या काखेत. दुसरं कुणी चाललं म्हणावं, तर बरोबर कुबड्यांच्या मधोमध? माझ्या पायात चप्पल. फोन गाडीत चार्जिंगला. डोकंच चालेना. घाटभर मी गप्प. मी! आबांनी दोनदा विचारलं, "उलटी हुतीया का?"

रात्री जेवताना मात्र राहवलं नाही, सांगून टाकलं. चुलतभाऊ खिदळला, "चारच बोटं? एवढी कंजुषी? सहा तरी लावायचीस!"

काकींचा भाकरी वाढणारा हात तसाच राहिला.

"करंगळी..." त्या हळूच म्हणाल्या, "उसात गेल्ती. कोयता लागून. लगीन व्हायच्या आधी. ह्याला कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो, आणि सगळ्यात जास्त मीच घाबरलो होतो. आजही उलगडा नाही.

"आवं," काकी आबांकडं वळल्या, "ह्यो म्हंतोय ते खरं हाय का?"

आबांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली.

"वाळू लय तापली हुती," ते म्हणाले. "दोन्ही तळवं पोळलं."