आधीचं बरं की आत्ताचं?

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बाईचं नाव घ्यायची वेळ मजल्यावर कुणावर येत नाही. सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात, मागच्या अरुंद खोलीत, ती डोळ्यांचा नंबर काढते. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवायची, तिच्यात एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी, आणि विचारायचं, "आधीचं बरं की आत्ताचं?"

वर्षानुवर्षं हेच बोलून तिच्या जिभेला वळणच पडलंय. भाजीत मीठ टाकलं की नवऱ्याला चमचा चाखवून विचारते, आधीचं बरं की आत्ताचं? लेक केस कापून आली, तर तिला आरशासमोर उभं करून केस मागे धरले, सोडले, पुन्हा धरले. पोरगी रडायच्या बेताला आली. मी दारात उभी राहून पोटभर हसून घेतलं. शेजार असतो कशाला?

यंदा दुकानाचे मालक थकले आणि दुकान पुतण्याकडे गेलं. पुतण्याला तपासणीची खोली नकोच होती. नंबर कुठूनही काढून आणा, आमच्याकडे फ्रेम घ्या, असा त्याचा खाक्या. चष्मेवालीला म्हणाला, "काकू, तुम्ही पुढे काउंटरवर उभ्या राहा. पगार तोच."

ती घरी आली ती तोंड पाडून. "अगं, फ्रेम विकायची म्हणजे टोपी विकायचीच गत. बसली की झालं. मला काचा हव्यात गं. माणसाला धूसरातलं अक्षर दिसायला लागतं ना, तेव्हा त्याचं तोंड बघायला हवं मला."

मोठ्या रस्त्यावर डोळ्यांचं नवं हॉस्पिटल झालं होतं. तिथे नंबर काढणारी माणसं हवी होती. पण पेशंट देशोदेशीचे, त्यामुळे डॉक्टरीणबाईंसमोर एका पेशंटची तपासणी इंग्रजीत करून दाखवायची अट. जमलं तर काचा, नाही तर जन्मभर फ्रेमा.

चष्मेवालीने शिकवणी लावली. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरची खोली, चार बाकं, आणि मास्तरीण तिच्या लेकीच्या वयाची. चष्मेवालीने तिला सरळ सांगितलं, "मला सगळं इंग्रजी नको. आधीचं आणि आत्ताचं, एवढंच शिकवा."

तर त्याचाही चांगला लांबलचक धडा निघाला! पूर्वी असायचं आणि आता नाही, त्याला 'यूज्ड टू'. पूर्वीइतकं राहिलं नाही, त्याला 'नॉट ॲज' अमुक 'ॲज बिफोर'. पूर्वीपेक्षा जास्त किंवा कमी, त्याला 'दॅन बिफोर'. चष्मेवाली खुशीत आली. "हे तर माझंच वाक्य की! यांनी फक्त त्याला चार खिसे लावलेत."

सराव मात्र घरच्यांच्या जिवावर. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, बेकरीत भट्टीवर असतात. माणूस गरीब, पण पाव येता-जाता खातो. एके दिवशी जेवता जेवता ती त्यांना म्हणाली, "यू आर नॉट ॲज थिन ॲज बिफोर."

भाऊजी हात न धुता माझ्या दारात. "वहिनी, तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजवर बसायचात. तुम्हाला इंग्रजी येतं. ही काय म्हणाली मला?"

ती एवढंच म्हणाली होती की पूर्वीइतके बारीक राहिला नाहीत. पण इतका भाबडा चेहरा समोर आल्यावर खरं सांगवतंय का कुणाला? मी म्हटलं, "पूर्वीइतके देखणे राहिला नाहीत म्हणतेय."

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी मिशा काळ्या केल्या. बेकरीत म्हणे कुणी ओळखलंच नाही. संध्याकाळी ते तिच्यासमोर उभे राहून विचारतात, "आता? आधीचं बरं की आत्ताचं?" चष्मेवालीने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. "यांच्या मिशांचं पाप तुझ्या माथी!" अशी ओरडली की खालच्या मजल्यावरची दारं उघडली.

पण त्याच रागाच्या भरात तिच्या तोंडून खरं दुखणं बाहेर पडलं. खुर्चीत बसून म्हणाली, "चेष्टा सुचतेय तुला. मला विचारता येतं गं इंग्रजीत. समोरचा काय बोलला ते कळत नाही. शिकवणीत सगळे शहाण्यासारखं उत्तर देतात. पेशंट कधी शहाण्यासारखं उत्तर देतो का?"

हे मात्र मला पटलं. आणि वेड्यासारखं उत्तर देणारी बाई हवी असेल तर ती शोधायला लांब जायला नको. मी तिच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर जाऊन बसले. तिने दुकानातून आणलेली फ्रेम माझ्या नाकावर चढवली, भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला आणि सुरू केलं, "धिस वन, ऑर द वन बिफोर?"

मी म्हणायची, आधीचं वाईट होतं, पण त्याच्या आधीच्याइतकं वाईट नव्हतं. मग म्हणायची, पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतंय, पण पूर्वीसारखं छान नाही. सगळं इंग्रजीत, आणि निम्मं तोंडातल्या तोंडात. ती घामाघूम. मध्येच म्हणाली, "तू खोटं बोलतेयस."

"मग पेशंट काय शपथ घेऊन बसतात?"

तिने हातातली काच खाली ठेवली. मग गालातल्या गालात हसली आणि मराठीत म्हणाली, "खरंच की. दुकानात कुणी असं घोळात घेतलं तर मी त्याच्या बोलण्याच्या नादी लागतच नाही. आधीची काच परत लावते. दोन्ही पुन्हा दाखवते. शेवटी माणूस म्हणतो, आता दोन्ही सारखंच दिसतंय. तो सारखंच म्हणाला की समजायचं, नंबर सापडला. आपण थांबायचं."

त्यानंतर मी कितीही वाकडं बोलले तरी ती न रागावता म्हणायची, "वन मोअर टाइम," आणि आधीची काच परत. माझी तर मजाच गेली.

परीक्षेच्या दिवशी तिला धीर द्यायला म्हणून मी बरोबर गेले. खरं तर मला बघायचं होतं. तपासणीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेरचं बाक नेमकं त्याच्यासमोर. याहून चांगली जागा नाटकालाही मिळत नाही.

खुर्चीत एक उंच, पांढऱ्या भुवयांचे म्हातारबुवा. कुठल्या मुलखातले देव जाणे, बोलणं सगळं इंग्रजीत. डॉक्टरीणबाई मागे हाताची घडी घालून उभ्या. चष्मेवालीने काच सरकवली.

"धिस वन, ऑर द वन बिफोर?"

म्हातारबुवांनी जे सुरू केलं ते संपेचना. मघापेक्षा बरं आहे, पण त्याच्या आधीच्याइतकं नाही, तरी वाईट म्हणवत नाही... मध्येच बोलण्यात त्यांची बायको आली, बायकोचा चष्मा आला. मी बाकावर पदर तोंडाशी धरला. हा तर माझा थोरला भाऊ शोभला असता!

चष्मेवालीचं तोंड पांढरं पडलं. क्षणभर वाटलं, ही आता उठून निघते. पण तिने श्वास घेतला, हातातली काच पुसली आणि म्हणाली, "सर, वन मोअर टाइम." आधीची काच परत लावली. मग नंतरची. मग पुन्हा आधीची. घाई नाही, गडबड नाही. शेवटी म्हातारबुवा तक्त्याकडे बघत बसले आणि एकच शब्द बोलले, "सेम."

तिने काचांची पेटी मिटली.

"यू आर स्टॉपिंग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येस मॅडम. सेम इज गुड. सेम, फिनिश."

डॉक्टरीणबाईंनी आकडे पाहून मान डोलावली. मग इंग्रजीतच विचारलं, आता कसं वाटतंय? चष्मेवालीने तक्त्याकडे पाहिलं, दाराबाहेर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आय ॲम नॉट ॲज अफ्रेड ॲज बिफोर." पूर्वीइतकी भीती वाटत नाही. एक कानामात्रा चुकली नाही. म्हातारबुवांनी फ्रेमसकट टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरीणबाई मराठीत म्हणाल्या, "सोमवारपासून या. पण शिकवणी सोडू नका. 'फिनिश' जरा सुधारायला हवं."

भाऊजींनी बेकरीतून अख्ख्या मजल्याला गोड पाव आणले. मिशा आता अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या. पुतण्याला निरोप गेला की काउंटरवर दुसरं कुणी बघा. चष्मेवालीला वाटेत पाहिलं तर ओळखू येत नाही, इतक्या तोऱ्यात चालते हल्ली.

मला वाटलं, चला, आता इमारत या सरावातून मोकळी झाली. पण शिकवणी चालूच आहे ना! मास्तरीणबाईंनी नवा धडा काढलाय, पुढे काय होईल याचा. काल जिन्यात तिने भाऊजींना गाठून विचारलं, दहा वर्षांनी तुम्ही कसे असाल? ते पिशवी तिथेच ठेवून खाली पळाले. मग ती माझ्या दाराकडे वळली.

मी दार लावून घेतलं.