चावडीपुढं उघडलेलं बॉनेट

भिवाची पिकअप गावाला आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. जालन्याच्या एका जिनिंगवाल्याने टाकून दिलेली ही जीपच्या जातीची जुनी गाडी त्याने आणली, तेव्हा गाव पोट धरून हसलं होतं. पण बहात्तरच्या दुष्काळात रोडकामावर रोलरला पाणी मारता मारता जो माणूस इंजिन शिकला, तो हसण्याला काय भीक घालतो? त्याने गाडी चालू केली, पुढच्या पाटीवर निळ्या रंगात 'जयभीम' लिहून घेतलं आणि गावची मोसंबी बदनापूरच्या स्टेशनावर पोचवायला लागला. बैलगाडीने दुपारी पोचणारा माल सकाळच्या रेल्वेला मिळू लागला, तसं हसणं आपोआप थांबलं.

साहेबराव पाटलांना मात्र हसताही येईना आणि बोलताही येईना. गावातली पहिली मोटार वाड्यावर न येता बौद्धवाड्यात आली, हे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. शिवाय ती मोटार रोज चावडीवरून जायची.

बौद्धवाडा गावाच्या उगवतीला, पक्की सडक मावळतीला, आणि मधोमध चावडी. दुसरी वाट नाल्याची. नुसती वाळू, गोटे आणि बाभळीचे काटे. भिवाचा बाप कडूबा जन्मभर त्याच वाटेने सडकेला गेला, कारण त्याच्या लहानपणी त्यांनी चावडीपुढून जायचं नाही असा दंडकच होता. छप्पन साली धर्म बदलला, जुनी कामं टाकली, घरात बाबासाहेबांची तसबीर लागली. म्हाताऱ्याचे पाय तेवढे बदलले नाहीत. स्टेशनावर टोपल्या राखायला तो रोज सोबत असायचा, पण पोराची गाडी दारात उभी असताना काठी टेकत नाल्यात उतरायचा आणि सडकेवर जाऊन उभा राहायचा. भिवा गावातून गाडी काढायचा, सडकेला थांबायचा आणि बापाची वाट बघायचा. थांबल्या थांबल्या त्याच्या मस्तकात तिडीक जायची. दोनदा तो बापावर ओरडला. म्हातारा एवढंच म्हणाला, की तुझं तू जा बाबा, माह्या पायाला ही वाट ठाव हाय.

अशात गाडीचा मॅनिफोल्ड तडकला. इंजिनातला धूर गोळा करून सायलेन्सरकडे लावून देणारी ही बिडाची जाड नळी; मिस्त्री तिला मनफोल म्हणतात. तिला चीर गेली की धूर मधेच फुटतो, फाडफाड वाजतो आणि निम्मा ड्रायव्हरच्या नाकात शिरतो. भिवाने डालड्याच्या डब्याचा पत्रा चिरेवर वाकवला आणि वरून तार आवळली. ही मलमपट्टी काही दिवस टिकली, मग पत्रा जळून गेला आणि गाडी पहिल्यापेक्षा मोठ्याने बोंबलू लागली.

साहेबरावांना हेच पाहिजे होतं. एका सकाळी त्यांनी चावडीपुढे गाडी थांबवली. चार जाणती माणसं बसलेली होती. पाटलांचा आवाज साजूक तुपासारखा. गाडी तुझी, रस्ता सरकारचा, आमचं काही म्हणणं नाही, असं म्हणून ते पुढे बोलले, "पण आवाजानं म्हशी पान्हा चोरून राह्यल्या, भिवा. तू आपली नाल्याकडून गाडी काढत जा."

भिवाच्या अंगाचा तिळपापड झाला. नाला! बापाला ज्या वाटेने घातलं, तीच वाट आता चार चाकांना दाखवत होते. एकदा गाडी नाल्यात उतरली की ती परत वर यायची नाही, आणि तिच्यामागे त्याची पोरंही नाल्यानेच चालतील, हे त्याला स्वच्छ दिसलं. पण त्याने जीभ दाताखाली धरली आणि फक्त विचारलं, "आवाजामुळंच ना, पाटील?"

"आवाजामुळंच. दुसरं काय असनार?"

"सगळ्यांनी ऐकलं. मंग आवाज काढून टाकतो."

जालन्याला कासमभाईच्या भंगारात मेलेल्या इंजिनांचा ढीग होता. भिवाने एकेक मनफोल उचलून हातोडीने वाजवून बघितला, बाजारात बाया मडकं वाजवून घेतात तसा. तडकलेला बद्द वाजतो. एक खणखणीत वाजला तो त्याने पोत्यात बांधून घरी आणला. गाडी दाराशी लिंबाखाली खोलेल, असंच सगळे धरून चालले होते. त्याने दुसऱ्या सकाळी गाडी नेली, चावडीपुढे भर रस्त्यात उभी केली आणि बॉनेट उघडलं.

कडूबाला हे कळलं, तसा तो घाबरून चावडीच्या कोपऱ्यापर्यंत आला. तिथून पुढे काही त्याचा पाय उचलेना. तिथूनच म्हणाला, "इथं कामून खोलून राह्यला रे?"

"आवाज इथं खुपतो ना, बा? मंग इथंच काढतो."

नट गंजून धरलेले होते. जोर लावला तर नट ज्याच्यावर बसतात ते इंजिनातले स्टडच मोडायची भीती. भिवाने घासलेटात चिंध्या भिजवून नटांवर बसवल्या आणि जाहीर केलं, की हे आता उद्याच सुटतील. गाडी तिथंच राहिली. दुपारी बायको प्रभावती भाकरी घेऊन आली. नवऱ्याला बाजूला बोलावून दळण दळत बसेल अशी ती बाई नव्हे. तिने गाडीच्या सावलीत फडकं अंथरलं, ठेचा वाढला, आणि चावडीकडे बघत म्हणाली, की इथं वारा चांगला लागतो, रोज इथंच जेवायला यावं. दोघं निवांत जेवले.

दुसऱ्या दिवशी नट कुरकुरत सुटले आणि जुना मनफोल खाली आला. धूर सोडणारी इंजिनाची तोंडं उघडी पडली. तेवढ्यात साहेबराव आले. तुपाचा वास आता जरा कमी झाला होता. हे काय गॅरेज आहे का, गाडी आत्ताच्या आत्ता इथून हलव, असं त्यांनी दरडावलं.

"हलवतो की," भिवा म्हणाला, आणि त्याने उघड्या इंजिनाला सेल्फ मारला.

फुटलेल्या मनफोलाचा आवाज या आवाजापुढे कीर्तनातली कुजबुज म्हणावी. चावडीचे पत्रे थरथरले. पारावरची कबुतरं उडाली ती थेट मळ्यात जाऊन बसली. इंजिनाच्या बाजूने जाळाच्या जिभा लपलपत होत्या. साहेबराव एका हाताने पटका आणि एका हाताने कान धरून मागे सरले. त्यांची स्वतःची म्हैस दावं तोडून गल्लीतून पळाली. कोपऱ्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

"बंद कर, बंद कर ते!"

भिवाने इंजिन बंद करून विचारलं, की असंच नेऊ का नाल्यापर्यंत? सगळ्या गावाला कळल, पाटलांनी हलवाय लावली म्हणून. साहेबरावांनी घाम पुसला. राहू दे, इथंच कर, एवढं ते कसंबसं बोलले. चावडीपुढं भिवाला जागा मिळाली ती अशी.

मग त्याने घाई केली नाही. इंजिनाची बैठक कानशीने साफ केली, नवीन पॅकिंग बसवलं, मनफोल चढवला. नट मधून आवळत कडेला गेला, पुन्हा मधून कडेला, म्हणजे एका बाजूला ताण येऊन बीड तडकत नाही. बघ्यांतले दोघं-तिघं न सांगता पाने हातात द्यायला लागले होते. दिवस कलायच्या आत गाडी सुरू झाली. ती सुरू झाली हे बऱ्याच जणांना कळलंच नाही. नुसता गुरगुर आवाज होता.

साहेबराव चावडीच्या पायरीवर उभे होते. त्यांनी ऐकलं, मिशीवर हात फिरवला आणि म्हणाले, "हे तं आनखीच वाईट झालं. आवाजच न्हाई. येकादं पोर अंगाखाली येईल. तू आपली नाल्याकडूनच नेत जा."

आता कुणी हसलं नाही. माणसं जमिनीकडे बघायला लागली. भिवाने बॉनेट लावलं, हात पुसले आणि पायरीसमोर जाऊन उभा राहिला.

"पाटील, आवाज होता तं म्हशी बिचकत होत्या. आवाज गेला तं पोरं मरतील. गाडीत जे खराब होतं ते मी बदललं. आता जे खराब राह्यलं ते गाडीत न्हाई. ते काय हाय, ते या सगळ्यांम्होरं तोंडानं सांगा. बराबर नाव घेऊन सांगा. मंग बोलू नाल्याचं."

आयुष्यभर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट साहेबरावांना एकदा तोंडाने म्हणायची होती, आणि ती म्हणता येत नव्हती. त्यांनी शेजारच्या माणसांकडे पाहिलं. एकानेही मान वर केली नाही.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. दोन दिवस कोपऱ्यावर उभा असलेला कडूबा चालत चावडीपुढे आला होता. तो पाटलांकडे बघेना, पोराकडे बघेना. सरळ गाडीशी गेला, दार उघडलं, काठी आत टाकली आणि पुढच्या सीटवर चढून बसला. भिवा गडबडीने स्टेअरिंगवर आला.

"भोंगा कुठं असतो रे याच्यात?" म्हाताऱ्याने विचारलं.

भिवाने बोटाने दाखवला.

"पाटील म्हनले ना, पोर येकादं अंगाखाली येईल," कडूबा म्हणाला, आणि भोंग्यावर तळहात दाबून धरला.

चावडीपासून वेशीपर्यंत, वेशीपासून सडकेपर्यंत तो हात निघाला नाही. सडकेला भिवाचा पाय सवयीने ब्रेकवर गेला. मग त्याने शेजारी पाहिलं आणि गाडी तशीच पुढे काढली.