तबकातला पासवर्ड

बेळगावला अनगोळातल्या मित्राच्या घरून सकाळी नऊला निघालो, तेव्हा भीती वाटावी असं काही नव्हतं. पिशवीत वहिनींनी दिलेला कुंदा (दूध आटवून केलेली बेळगावी मिठाई), लॅपटॉप आणि बोलीभाषांच्या कार्यशाळेची निमंत्रणपत्रिका. पत्रिकेवर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती अशी दहा ओळी नावं होती. विषयाला एक ओळ मिळाली होती. तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मोफत वाय-फाय’.

संकेश्वरला बस थांबली आणि सुनंदाचा मेसेज आला. ही माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तासिका तत्त्वावर शिकवत, दोन मुलं सांभाळत तिनं सहा वर्षांत प्रबंध पुरा केला. ‘सर, पोर्टलवर तुमची मंजुरी दिसत नाही. आज दुपारी एकला बंद होतंय.’ मुदतवाढ वापरून झाली होती. आज हुकलं तर नोंदणी रद्द. माझं सही केलेलं प्रमाणपत्र लॅपटॉपमध्ये पंधरा दिवस पडून होतं. चढवायचं मी विसरलो होतो.

 तरी ऐटीत कळवलं, ‘पोहोचलो की करतो.’ हलत्या बसमध्ये लॅपटॉप उघडायचा कंटाळा आला, इतकंच.

कॉलेज निपाणीच्या पुढे, बोरगावच्या वाटेवर, जुन्या खाणीच्या खळग्यात. भोवती तंबाखूची शेतं. रिक्षा खळग्यात उतरली आणि फोनची रेंज गेली. पावणेबारा झाले होते. चढ चढून परत रस्त्यावर गेलो. तिथं एक काडी यायची आणि जायची. पोर्टलचं पान अर्धं उघडून थिजायचं. घामेघूम होऊन खाली आलो. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं.

नोंदणीच्या टेबलावर ग्रंथपाल चौगुले बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

“अण्णा, वाय-फायचा पासवर्ड?”

“एक पासवर्ड न्हाय, सर. परत्येक पाव्हण्याला येगळी चिठ्ठी. मागं एकच ठेवलतो, तर आख्खं गाव भिंतीला टेकून क्रिकेट बघत बसलतं.”

“मग माझी चिठ्ठी?”

“तबकात. शाल, फेटा, नारळ आणि चिठ्ठी. सत्कार झाला की मिळतीया.” त्यांचं बोट यादीवरून शेवटपर्यंत गेलं. “तुमचं नाव न्हाय की.”

नाव नसण्याचं कारण मीच. आठवड्यापूर्वी प्राचार्यांना फोनवर बाणेदारपणे सांगितलं होतं, “शाल-नारळ मी घेत नाही.” नंतर दिवसभर स्वतःवर खूश होतो.

“तुमीच काढाय लावलासा न्हवं का?” अण्णा म्हणाले. “आमी म्हटलं, लई साधा मानूस.”

“ऑफिसातला कॉम्प्युटर?”

“किल्ली प्राचार्यांच्या खिशात. प्राचार्य स्टेजवर.”

 सुनंदाचं सगळं त्यांना सांगितलं. अण्णांनी यादी पुन्हा पाहिली. “एक पाव्हणे आले न्हाईत. त्यांचं तबक हाय. पण ते स्टेजवरच घ्यावं लागतंय.”

“घाला माझं नाव.”

“सत्काराला?”

“होय. घालाच.”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं वाटलं असतं.

माझी पाळी आली तेव्हा बारा पस्तीस. निवेदिकेनं मला ‘प्रसिद्धीपराङ्मुख’ म्हटलं. फेटा बांधणारे म्हातारे आप्पा एकेक पीळ न्याहाळत होते.

“आप्पा, लवकर.”

“हलू नका. सैल व्हतंय.”

समोरच्या भिंतीवरचं घड्याळ त्यांच्या खांद्यावरून दिसत होतं. सुनंदा पुण्यात पानाकडे बघत बसली असेल, हेही दिसत होतं. फोटोवाल्यानं नारळ दोनदा घ्यायला लावला. त्याच्याकडे चिठ्ठी होती. फोटो तो लगेच कॉलेजच्या फेसबुक पानावर चढवत होता.

तबक घेऊन विंगेत पळालो. चिठ्ठीवरचे आठ आकडे दोनदा चुकले. फेट्याचा शेमला कीबोर्डवर येत होता. बारा त्रेपन्न. प्रमाणपत्र चढवलं. चाक फिरत राहिलं. एकाला दोन मिनिटं असताना ‘मंजूर’ उमटलं आणि मी जमिनीवरच बसलो.

मग लॅपटॉपवरच सुनंदाचा मेसेज आला. ‘सर, झालं! फेट्यातला फोटो बघितला. सत्कारामुळे उशीर झाला ना? मी उगाच घाबरले.’

जेवण चांगलं होतं म्हणतात.

संध्याकाळी पुण्याची बस धरली. कोगनोळीचा नाका ओलांडताना मांडीवर नारळ होता आणि फोनला भरपूर रेंज. आयुष्यभर ज्या सत्कारांना नावं ठेवली, त्यांच्यातल्याच एकानं मला अब्रूदार कारण दिलं होतं. ते तसंच राहू द्यायचा मोह कागलपर्यंत टिकला.

मग लिहिलं, ‘सत्कारामुळे नाही. मी विसरलो होतो. पंधरा दिवस.’

निळ्या खुणा लगेच उमटल्या. तिच्या नावाखाली ‘टाइप करत आहे’ असं दिसलं, गेलं, परत दिसलं. सातारा गेलं तरी मी बघत होतो. माझ्यासाठी ती दोन तास अशीच पानाकडे बघत बसली होती.